एन्झोला विका, एन्झोला ठेवा

जुलै २०२४ मधला तो सोमवार मला चांगला आठवतो. मायामीतली कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल गेटवरच्या गर्दीमुळे तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली, म्हणून आपल्याकडे उजाडल्यावर बघायला मिळाली. लाउतारो मार्टिनेझने ११२ व्या मिनिटाला गोल मारला, अर्जेंटिनाने कोलंबियाला १-० हरवलं आणि मी हातातला चहा सांडवत घरभर नाचलो. लहानपणापासून अर्जेंटिना, कॉलेजपासून लंडनचा चेल्सी क्लब. चेल्सीचा, आमचा एन्झो फर्नांडिस त्या टीममध्ये होता, म्हणजे मला दुहेरी आनंद.

मग अर्जेंटिनाच्या टीमच्या बसमधला तो गाण्याचा व्हिडिओ आला. एन्झोच्याच फोनवरून इन्स्टाग्रामवर लाइव्ह गेलेला. गाणं कतारच्या वर्ल्ड कपच्या वेळचं, अर्जेंटिनाच्या फॅन्सनी फ्रान्सच्या टीमवर रचलेलं. खेळतात फ्रान्सकडून, पण आलेत अंगोलातून. आई नायजेरियाची, बाप कॅमेरूनचा, कागदावर मात्र फ्रेंच, असा त्याचा आशय. फ्रान्सचा स्टार एम्बापे, त्याच्याबद्दल त्यात आणखी घाण आहे, ती मी इथे लिहिणार नाही.

चेल्सीत तेव्हा फोफाना, दिसासी, बादियाशिल, गुस्तो, एन्कुंकू अशी फ्रेंच पोरं होती. ज्यांच्या आई-बापांवर गाणं आहे तीच ही पोरं. आठवड्याला पाच दिवस एन्झोबरोबर प्रॅक्टिस करणारी. वेस्ली फोफानाने तो व्हिडिओ स्वतः शेअर करून लिहिलं की २०२४ मधलं फुटबॉल म्हणजे हा असा बेधडक वर्णद्वेष.

आमच्या चेल्सीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारपर्यंत शेकडो मेसेज पडले होते. मी सगळे वाचले. त्यात फोफानाबद्दल बोलणारे मोजून तिघं. बाकी सगळी चर्चा एकाच गोष्टीवर: विकायचा की ठेवायचा.

तेव्हापासून मनात आहे ते आज लिहितोय. वर्णद्वेषाचा विषय निघाला की आपण फॅन मंडळी दोन मिनिटांत ट्रान्स्फरच्या भाषेवर येतो. किती वसूल होतील, कोण घेईल, जागी कोण आणायचा. ती भाषा आपल्याला सोपी जाते, कारण तिथे समोर माणूस नसतो.

'विकून टाका' म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी आधीपासूनच एन्झोवर नाराज होते. जानेवारी २०२३ च्या डेडलाइन डेला, म्हणजे खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, पोर्तुगालच्या बेनफिकाकडून सुमारे १०७ मिलियन पौंडांना घेतला, आपल्या पैशात हजार कोटींच्या वर, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड. त्या मानाने खेळ दिसत नाही ही त्यांची तक्रार दीड वर्षाची. त्यांना आयतं कारण मिळालं. 'ठेवा' म्हणणाऱ्यांचंही तेच, फक्त उलट्या बाजूने: एवढे पैसे ओतलेला माणूस एका गाण्यापायी सोडायचा का? एकाने लिहिलं, 'विकला तर भाव पडेल, आता नको, जानेवारीच्या विंटर ट्रान्स्फरमध्ये बघू.' हे वाचून मला खरंच कसंतरी झालं. फोफानाच्या आई-बापांचा अपमान झालाय आणि आपण बाजारभाव बघतोय.

विकणं ही शिक्षा नाही, हे तर साधं आहे. विकला तर तो दुसऱ्या क्लबात जाईल, बहुतेक साइनिंग बोनस घेऊन जाईल, आणि तिथल्या ड्रेसिंग रूममध्येही आफ्रिकन वंशाची पाच-सहा पोरं असतीलच. आपल्या घरातला कचरा शेजारच्या अंगणात लोटला एवढंच.

क्लबने चौकशी लावली. एन्झोने माफी मागितली, जल्लोषाच्या भरात वाहवत गेलो म्हणाला, गाण्याला कुठलंही समर्थन नाही हेही म्हणाला. ती माफी मी खरी मानतो. नवे कोच मारेस्का म्हणाले विषय संपला. आणि ऑगस्टमध्ये नवा सीझन सुरू झाला तेव्हा कॅप्टन रीस जेम्स जखमी, तर कॅप्टनची पट्टी एन्झोच्या दंडावर! मला ते फार लागलं. खेळव, बाबा, खेळव. पण पट्टी म्हणजे 'हा आमच्या सगळ्यांच्या वतीने बोलतो' असं सांगणं. महिनाभरापूर्वी तो काय बोलला होता ते सगळ्या जगाने ऐकलं होतं. निदान एक सीझन ती दुसऱ्या कुणाला द्यायला काय हरकत होती?

अर्जेंटिनात तर उलटीच गंगा. मेस्सीने आणि फेडरेशनच्या अध्यक्षांनी माफी मागायला हवी, असं तिथले क्रीडा खात्याचे उपसचिव हुलिओ गारो बोलले, तर त्यांचीच नोकरी गेली. माफी मागा म्हणणारा घरी, गाणारे मिरवणुकीत.

आता स्वतःबद्दल. मी हे सगळं आज बोलतोय, पण ऑक्टोबर २०११ मध्ये मी कुठे होतो? लॉफ्टस रोडवर क्यूपीआर क्लबविरुद्धच्या मॅचमध्ये चेल्सीचा कॅप्टन जॉन टेरी त्यांच्या कृष्णवर्णीय अँटन फर्डिनांडला वर्णद्वेषी काय बोलला यावरून रान पेटलं होतं. टेरी म्हणजे माझा देव. जुलै २०१२ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं तेव्हा मी हॉस्टेलच्या रूमवर लिव्हरपूलवाल्या मित्राला 'आता बोल' म्हणून टोमणे मारले. त्याच्या लिव्हरपूलच्या सुआरेझला मँचेस्टर युनायटेडच्या एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याच्या प्रकरणात आठ मॅचची बंदी झाली होती, त्यामुळे आमचं भांडण जुनंच होतं. सप्टेंबरमध्ये एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, टेरीला चार मॅचची बंदी आणि २ लाख २० हजार पौंडांचा दंड केला, तेव्हा मी म्हणालो हा आकस आहे. फर्डिनांडने आपल्यावर तसं बोलल्याचा आरोप केला असं वाटलं, म्हणून टोमणा म्हणून ते शब्द परत उच्चारले, असा टेरीचा बचाव होता. एफएच्या समितीला तो पटला नाही, आणि का पटला नाही ते त्यांनी सविस्तर लिहून ठेवलंय. मी तेव्हा ते वाचलंच नाही. मित्रानेही सुआरेझच्या निकालाची ११५ पानं वाचली नव्हती. आम्ही दोघं दोन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या नावाने तासन् तास भांडलो आणि दोघांनाही त्यांच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. आपला शर्ट स्वच्छ ठेवायचा होता.

पॉल कॅनोव्हिलची गोष्ट मला त्यानंतर खूप उशिरा कळली, आणि ती प्रत्येक चेल्सीवाल्याला पाठ असली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. चेल्सीच्या पहिल्या टीमकडून खेळलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १२ एप्रिल १९८२, सेलहर्स्ट पार्क, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. वीस वर्षांचा पोरगा सब म्हणून उतरायच्या आधी टचलाइनवर वॉर्म-अप करतोय. मागच्या स्टँडमधून शिव्या सुरू होतात, माकडांचे आवाज, केळं फेकलं जातं. तो वळून बघतो. शिव्या देणाऱ्यांच्या अंगावर निळेच शर्ट! पॅलेसवाले नव्हते ते, आपलेच होते. आणि हे एका दिवसाचं नाही, पुढे बराच काळ चाललं. तरी पोरगा खेळत राहिला. जानेवारी १९८५ मध्ये शेफील्ड वेन्सडेविरुद्ध लीग कपमध्ये ३-० ने मागे असताना त्याला हाफटाइमला उतरवलं आणि अकराव्या सेकंदाला त्याने गोल मारला. मॅच ४-४ सुटली. आज चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज स्टेडियमवरच्या एका हॉलला त्याचं नाव आहे.

बारा एप्रिलच्या त्या दिवशी त्याला 'मग दुसऱ्या क्लबात जा' म्हणणारे असतीलच. रेयाल माद्रिदच्या कृष्णवर्णीय व्हिनिशियसला आजही म्हणतात. मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्तायावर त्याने गोलमागच्या स्टँडमधल्या माणसाकडे बोट दाखवलं, मॅच थांबली, आणि शेवटी रेड कार्ड त्यालाच मिळालं (नंतर ते रद्द झालं, ती गोष्ट वेगळी). त्यानंतर आपल्याकडच्या रेयालवाल्या मित्रांच्या पोस्टी आठवा: जाईल का, पीएसजी घेईल का, सौदीवाले किती देतील. बार्सावाले म्हणत होते तोच उकसवतो. जून २०२४ मध्ये मेस्तायावरच्या त्या शिव्या देणाऱ्यांपैकी तिघांना आठ महिन्यांची शिक्षा झाली, स्पेनमध्ये स्टेडियममधल्या वर्णद्वेषासाठी झालेली पहिली शिक्षा. त्या दिवशी ग्रुपवर विषय होता एम्बापेचा.

आणि हीच भाषा पुढे कुठवर जाते ते रशियातल्या झेनित सेंट पीटर्सबर्ग क्लबच्या फॅन्सनी दाखवलं. २०१२ मध्ये क्लबने हल्क आणि विट्सेल या कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रत्येकी सुमारे ४० मिलियन युरोंना घेतलं. डिसेंबरमध्ये त्यांच्या सर्वांत मोठ्या फॅन संघटनेने जाहीरनामाच काढला: टीममध्ये कृष्णवर्णीय नकोत. वर म्हणे आम्ही वर्णद्वेषी नाही, ही आमची परंपरा आहे. म्हणजे ट्रान्स्फरबद्दलचं एक 'मत'.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. माझ्यापुरतं इकडचं सांगतो. रविवारी रात्री आम्ही टर्फवर खेळतो. त्या व्हिडिओच्या दोन वर्षं आधी आमच्यात एक आफ्रिकन विद्यार्थी यायला लागला. पुण्यात अशी बरीच मुलं शिकतात. उंच, लेफ्ट बॅक खेळतो, पास अगदी मोजून मापून. पहिल्याच दिवशी मी ओरडलो, 'ड्रोग्बा, इकडे दे!' प्रेमानेच ओरडलो. चेल्सीच्या ड्रोग्बाच्या म्युनिकमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलच्या त्या हेडरसाठी मी चेल्सीवर आयुष्य ओवाळून टाकलंय, माझ्या दृष्टीने यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. सगळ्यांनी तेच नाव उचललं. तो हसायचा.

एन्झोचा व्हिडिओ आला त्या आठवड्यात मॅचनंतर बाकावर बूट सोडत असताना कुणीतरी त्याला विचारलं, 'तुला काय वाटतं, विकावा का?' तो बुटाच्या लेसकडे बघत शांतपणे इंग्रजीत म्हणाला, मी आर्सेनलचा फॅन आहे, तुमचं तुम्ही बघा. मग थोडं थांबून म्हणाला, ड्रोग्बा आयव्हरी कोस्टचा, मी टांझानियाचा. तो स्ट्रायकर, मी डिफेंडर. आमच्यात सारखं काय आहे?

कुणी काही बोललं नाही. पाण्याची बाटली फिरत होती ती माझ्याकडे आली, मी प्यायलो आणि पुढे दिली. उत्तर त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. एन्झोवर ग्रुपवर चार मोठे मेसेज लिहिलेला मी, दोन वर्षांत या पोराचं नाव एकदाही विचारलं नव्हतं.

त्या रात्री विचारलं. स्वाहिली नाव आहे, तीन अक्षरांचं, आपल्या जिभेला अजिबात अवघड नाही. त्याला न विचारता इथे लिहीत नाही. टर्फवर अजून दोघं-तिघं जुन्याच नावाने हाक मारतात. त्यांना दर रविवारी मी थांबवतो, आणि दर रविवारी 'अरे गंमत आहे रे' ऐकतो.