संत्र्याचा चोथा आणि सुस्तावलेलं जठर

‘जेवण तासन्‌तास पोटातच राहतं? संत्रं चोथ्यासकट खा’ असा मेसेज नागपुरात फिरतोय. साध्या बद्धकोष्ठतेत चोथा उपयोगी, हे खरं. पण जुन्या मधुमेहाने व्हेगस नर्व्ह (जठराला हलवणारी नस) दुबळी झाली असेल तर गणित उलटं. निरोगी जठर मिनिटाला साधारण ३ लाटांनी अन्न घुसळून पुढे ढकलतं. लाटा मंदावल्या की फोडीवरची पांढरी दोरेदार साल दळलीच जात नाही. तिचा गोळा होऊन वाट अडू शकते. अशांनी गाळलेला रस घ्यावा, तोही साखर सांभाळून. तर्री-पोहे असतील तर वरचा तवंग नकोच. तेलाने जठर आणखी सुस्तावतं. उलटीत आदल्या रात्रीचा भात दिसला तर एन्डोस्कोपीने आधी अडथळा नाही ना ते बघतात. मग जठर किती वेगाने रिकामं होतं ते दाखवणारा स्कॅन: खाल्ल्यावर ४ तासांनंतर १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं, तर गती मंद.