‘लॉज आहे की धर्मशाळा?’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

टॉवेल-चादरीच्या खरेदीला आलात, दोन रात्री आमच्याकडे उतरलात आणि जाताना सविस्तर लिहिलंत. रात्रभर गेटची खडखड, पहाटे कुकरच्या शिट्ट्या, काउंटरच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवू दिली नाही, मागची खोली रिकामी असून दिली नाही, शेजारच्याला भाडं कमी. यातलं एकही खोटं नाही. पण असं का, ते काउंटरवर विचारलं असतंत तर तिथंच सांगितलं असतं. आता इथं सांगते, म्हणजे पुढं खोली बघणाऱ्यालाही कळेल.

आमचं लॉज दवाखान्याच्या गल्लीत आहे. सिव्हिल चालत पाच मिनिटं. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पलीकडून इंडी, अफझलपूर, कुठून कुठून लोक आजारी पोर घेऊन सोलापुरात येतात. आमच्या काउंटरवर मराठीइतकंच कन्नड चालतं. वॉर्डात पोराजवळ एकालाच थांबता येतं, बहुतेक आईच थांबते. आयसीयूत तेही नाही. ठरल्या वेळी आत सोडतात, बाकीचा वेळ बाहेरच्या बाकड्यावर. मग दुसऱ्यानं जायचं कुठं? आंघोळ कुठं करायची, कपडे कुठं वाळत घालायचे? गॅलरीतल्या दोऱ्यांचा फोटो टाकलात ना, त्या दोऱ्या त्यासाठीच आहेत.

गेटचं ऐका. केमो चालू असलेली काही पोरं दोन डोसांच्या मध्ये गावी जात नाहीत, आईबापाबरोबर इथंच राहतात. केमोनं पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना ताप १००.४ ला पोचला की सकाळची वाट बघायची नाही, तसंच निघायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. आणि ताप काय, घड्याळ बघून येतो होय? अशा वेळी बापानं कुलपाची किल्ली शोधत बसायचं का? म्हणून आमच्या गेटला रात्री कुलूप नसतं, वॉचमन असतो. गेट जुनं आहे, वाजतं. तेल घालतो, तरी वाजतं.

शिट्ट्याही त्याच पोरांच्या. त्यांना शिळं, कच्चं, उघड्यावरचं काही चालत नाही. मऊ भात, वरण, उकळून गार केलेलं पाणी. गच्चीवर शेगड्या ठेवल्यात, आयाच रांधतात. उजाडायच्या आत डबा तयार झाला तर डॉक्टरांच्या राउंडच्या आधी वॉर्डात पोचता येतं.

फ्रिजच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं, त्याला अंगावर पिता येत नाही. आई दूध काढून देते, ते नळीनं पाजतात. काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये म्हणतात, आणि तेही थंडाव्यात. आपण आलात तेव्हा पारा चाळिशीच्या वर होता. त्या फ्रिजमध्ये नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या वाट्या असतात, दुसरं काही नाही. गार पाण्याचा माठ जिन्याखाली आहे, आमच्या कामाच्या पोरानं दाखवलाही होता आपल्याला.

आता ती खोली. चावी दोन्ही रात्री बोर्डावर लटकत होती आणि आत कुणी झोपलं नाही, बरोबर. पण भाडं भरलेलं होतं. त्या घरचं लेकरू डेंग्यूनं आयसीयूत होतं. ताप उतरला की घरच्यांना वाटतं सुटलो, पण डेंग्यूत खरी काळजी बऱ्याचदा तिथनंच सुरू होते. दर काही तासांनी रक्त तपासतात, सलाइनचा हिशेब ठेवतात. कधी सहीला बोलावतील, कधी रक्तपेढीची चिठ्ठी हातात देतील, सांगता येत नाही. आई दारापासून हलत नव्हती, बाप जिन्यात बसून होता. खोलीत पिशवी, दोन चादरी आणि लेकराचे चप्पल. आपण मॅनेजरला म्हणालात, ‘सामान बाजूला सरकवा, मी एक रात्र झोपतो, डबल भाडं देतो.’ त्यानं नाही म्हटलं. मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, फक्त त्याच्याइतकं गोड नसतं म्हटलं.

भाड्याचं म्हणाल तर दवाखान्याचा केस पेपर दाखवला की आम्ही कमी घेतो, बोर्डावर तसं लिहिलंय. महात्मा फुले योजनेत उपचार बसतो, पेशंटचं जेवण बसतं. बाहेर थांबलेल्या बापाची खोली बसत नाही. धर्मशाळा म्हणालात, तर ती नाही. मी भाडं घेते, बँकेचा हप्ता मलाही आहे. आपल्यासारख्या व्यापारी मंडळींच्या पूर्ण भाड्यावरच हे जमतं, ते नाकारत नाही. पण त्या भाड्यात खोली, पाणी, स्वच्छ चादर येते. शांतता येत नाही, आणि ती देऊ असं आम्ही कुठं लिहिलेलंही नाही.

पुढच्या खेपेला स्टेशनकडं उतरा, तिकडं निवांत खोल्या आहेत. जेवायला मात्र इकडं या. दुपारी १२ ते ३ मेस सगळ्यांना खुली असते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी; तिखट कमी हवं असेल तर आधी सांगायचं.