पुण्याच्या लसीकरणाचा सरासरी टक्का सांगणं पुरे, बांधकाम साईटनिहाय यादी काढा

गोवर रोखायचा तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत, आणि तेही प्रत्येक वस्तीत. टॉवरमधली सगळी मुलं लसवंत असली म्हणून मागच्या पत्र्याच्या खोल्यांतलं बांधकाम मजुराचं बाळ वाचत नाही. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला तो अशाच दाटीच्या वस्त्यांत.

आपल्याकडे हद्दीचाच घोळ मोठा. हिंजवडी जिल्हा परिषदेकडे, शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवडकडे, मुळा नदीपलीकडचं म्हाळुंगे-बालेवाडी पुणे मनपाकडे. मुकादम माणसं दोन किलोमीटरवर हलवतो आणि बाळ एका यादीतून गळतं, दुसरीत चढतच नाही. कुठे काम सुरू आहे हे बांधकाम विभागाला माहीत असतं. ती यादी मुकादमाच्या फोन नंबरसकट दर महिन्याला आशाताईंच्या हातात पडली पाहिजे, तिन्ही यंत्रणांच्या.

दुसरी अडचण वेळेची. दुपारच्या लसीकरण सत्राला यायचं तर आईची हजेरी बुडते. म्हणून सत्र मजुरांच्या कॅम्पातच हवं, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. यासाठी जादा माणसं लागतील, आशाताईंना जादा मोबदला लागेल. तो द्यायलाच हवा, त्यांच्याकडून फुकट राबवून घेऊन समता येत नाही.

आता व्हायलचा, म्हणजे लसीच्या कुपीचा प्रश्न. गोवर-रुबेलाच्या व्हायलमध्ये ५ डोस असतात. एकदा विरघळवली की ४ तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची, कारण तिच्यात जंतू वाढू न देणारा घटक नसतो. मग ‘एकच बाळ आहे, पुढच्या वेळी आणा’ असं सांगितलं जातं. पुढच्या वेळी ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात गेलेलं असतं. चार डोस वाया जाऊ देत, व्हायल फोडा! वाया गेलेल्या डोसचा जाब नर्सताईंना विचारणं आधी बंद करा.

कार्ड गावी राहिलं असेल तर बाळाला परत पाठवू नका. डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण पाहा, मांडीत सुई कधी टोचली ते आईला विचारा. खात्री होत नसेल तर डोस झाला नाही असंच धरा. एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. उशीर झाला म्हणून पेंटाचे (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे) डोस पहिल्यापासून सुरू करायचे नसतात, राहिलेले ४ आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करायचे. गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस ५ वर्षांपर्यंत देता येतात.

पेंटानंतर ताप येतो आणि ‘सुईने पोर आजारी पडलं’ म्हणून आई पुन्हा फिरकत नाही. ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो, हे आधीच आणि तिच्या भाषेत सांगा. पॅरासिटामॉल किती मिली द्यायचं ते वजनावरून ठरवून बाटलीवर खूण करून द्या. कन्नड किंवा तेलुगू बोलणारी एक बाई कॅम्पातच सापडते, तिला सोबत घ्या.

सत्र घ्यायला जागा नाही, हे कारण मात्र मला पटत नाही. ५० हून जास्त स्त्रिया कामाला असलेल्या साईटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा सांगायचा; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, पण पाळणाघराची तरतूद त्यांतही आहे. सत्र तिथेच घ्या, आणि पाळणाघर नसेल तर त्याच दिवशी कामगार विभागाकडे लेखी तक्रार करा.