‘तीस दिवसांत दुरुस्ती नाही, तर भाडे बंद’: हा सल्ला महाराष्ट्रात का चालत नाही

‘नवे भाडे नियम 2025’ या नावाने एक मजकूर घरोघरच्या फोनवर पोचला आहे. त्याचा सारांश असा: देशभर नवा कायदा आला आहे. मालकाने 30 दिवसांत दुरुस्ती केली नाही तर ती तुम्ही करून घ्या आणि सगळा खर्च भाड्यातून कापा. तोवर भाडे थांबवा. शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा. मालक ऐकतच नसेल तर ग्राहक मंचात जाऊन मनस्तापाची भरपाई घ्या.

छत गळत असलेल्या माणसाला हे वाचून धीर येतो. पण या सल्ल्याप्रमाणे वागणारा भाडेकरू बहुतेक वेळा स्वतःच थकबाकीदार ठरतो आणि मालकाची चूक बाजूला राहते. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘देशभर नवा कायदा आला आहे’

आलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. घरमालक आणि भाडेकरू यांचे संबंध हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत, 18 व्या नोंदीत येतो. त्यामुळे राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो नमुना तिथे लागू होत नाही. महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आहे आणि तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे.

नमुन्याचा एक उपयोग मात्र जरूर करून घ्यावा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी दिली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळाचे पाइप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, गिझर, बटणे-सॉकेट, कडी-कुलपे, खिडकीच्या काचा आणि तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. करार करतानाच ही यादी त्यात घालून घेतली, तर ती करारातली अट म्हणून दोघांनाही बांधते. दुरुस्तीचे निम्म्याहून अधिक वाद इथेच टळतील असे आमचे मत आहे.

‘भाडेकरूला दुरुस्तीचा कायदेशीर हक्क आहे’

भाडेकरूला आहे. पण तुम्ही भाडेकरू आहात का? कराराच्या पहिल्या पानावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे असेल, आणि पुण्या-मुंबईत बहुतेकांच्या करारावर तसेच असते, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही परवानाधारक आहात. 1999 च्या कायद्यातले कलम 14, म्हणजे घर राहण्याजोगे ठेवण्याची मालकावरची जबाबदारी, भाडेकरूसाठी आहे. पागडीच्या आणि जुन्या भाड्याच्या घरांना ते लागू पडते. त्यातही करारात वेगळे ठरले नसेल तरच.

परवानाधारकाचा आधार दोन ठिकाणी आहे. पहिला करारातली अट. दुसरा 1882 चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. त्याच्या कलम 57 नुसार, माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मालमत्ता धोकादायक होईल असे मालकाने काही करायचे नाही, हे कलम 58 सांगते. मागच्या पावसात स्लॅबचा गिलावा पडला होता आणि त्यावर नुसता पीओपीचा थर देऊन घर दाखवले, तर कलम 57 चा मुद्दा उभा राहतो. नवा पीओपी एकाच खोलीत का, हे घर बघतानाच विचारावे.

करार नोंदवलेलाच नसेल तर? 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबाबत तुमचे म्हणणे धरले जाते आणि ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. तोंडी कबूल केलेली दुरुस्ती इथे कामी येते.

‘सगळा खर्च भाड्यातून कापा’

कलम 14 भाडेकरूला खर्च कापण्याची मुभा देते, पण पायऱ्या ठरवून. आधी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो, आणि भाडेकरूंनी ठेवलेला पावत्यांसह हिशेब मालकावर बंधनकारक असतो. पण एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. फिरणाऱ्या मजकुरात नेमकी हीच मर्यादा गाळलेली आहे.

आकड्यात बघा. पागडीच्या खोलीचे भाडे महिना 800 रुपये. वर्षाचे 9,600, त्याचा चौथा हिस्सा 2,400. संडासाची लाइन आणि खालचा गिलावा मिळून 38,000 रुपये खर्च आला, तर तो वळता व्हायला जवळजवळ 16 वर्षे लागतील. म्हणून मोठ्या कामासाठी हा रस्ता धरू नये. अशा वेळी सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी आणि मालकाला दुरुस्ती करायला लावणारा आदेश लघुवाद न्यायालयाकडे (स्मॉल कॉजेस कोर्ट) मागावा. मुंबई शहरातली, 30 सप्टेंबर 1969 पूर्वीची उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर लागू असलेली) इमारत असेल तर ढाच्याच्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे लेखी अर्ज करावा.

स्वतः काम करताना एक काळजी घ्या. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले, तर कलम 16 खाली तेच घर खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते. फुटलेला पाइप बदलणे वेगळे आणि त्या निमित्ताने भिंत सरकवून मोरी मोठी करणे वेगळे.

‘तोवर भाडे थांबवा’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होते. थकलेल्या भाड्याची मागणी करणारी नोटीस मालकाने दिली की कलम 15 चे 90 दिवस सुरू होतात. ते उलटले की तो ताब्याचा दावा लावू शकतो. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी साल दरसाल 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली तर घर वाचते. पण तोवर वादाचा विषय गळती राहिलेली नसते, थकबाकी झालेली असते. परवानाधारकाची स्थिती आणखी नाजूक. त्याने भाडे थांबवणे हा सरळ करारभंग आहे.

म्हणून भाडे तारखेला आणि बँकेतूनच द्या. त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल किंवा मेसेज पाठवा: ‘जुलैचे भाडे दिले आहे. बेडरूमची गळती कळवूनही सुरू आहे. भरपाईचा हक्क राखून हे भाडे देत आहे.’

‘गळती म्हणजे मालकाचीच जबाबदारी’

मालकाशी तुमचा करार आहे, म्हणून नोटीस त्यालाच द्यायची. पण पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय दिलेली नोटीस फुकट जाते. मालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी वरच्या मजल्याकडे, आणि पावसाळा संपून जातो.

आठवडाभर वेळेसकट नोंद ठेवा. ओल दिवसरात्र सारखी, पाऊस नसतानाही वाढत असेल तर दाबाखालची पाण्याची लाइन फुटली आहे. वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्री बंद ठेवून सकाळपर्यंत थेंब कमी झाले, तर शंका पक्की. वर आंघोळी झाल्यावर तासा-दोन तासांनी थेंब सुरू होत असतील तर दोष नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाच्या) सांध्यात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. त्याची परीक्षा अशी: ट्रॅपचे तोंड बंद करायचे, बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवून त्यात रंग टाकायचा आणि 24 तास थांबायचे. खाली रंगीत डाग आला की वाद मिटतो. आणि फक्त पावसात, तेही वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला ओल येत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या चिरा, खिडकीची चौकट किंवा गच्चीचा कोबा बघायचा.

खर्च कोणाचा ते यावरून ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेकडे येते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूम-सिंकमधली गळती त्या सभासदाकडे. तुम्ही संस्थेचे सभासद नाही, त्यामुळे संस्थेकडे अर्ज मालकाने करायचा. तुमच्या नोटिशीत तशी मागणी स्पष्ट लिहा: ‘सात दिवसांत संस्थेकडे लेखी तक्रार करून तिची पोच मला द्यावी.’

ओली भिंत तशीच रंगवून देण्याची तयारी मालक दाखवत असेल तर मान्य करू नका. आतले पाणी बाहेर पडायला वाट शोधते, काही आठवड्यांत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि मालकाच्या हातात मात्र ‘दुरुस्ती केली’ अशी पावती राहते. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण सुकू देणे, मग पुट्टी आणि रंग. स्लॅबच्या गंजलेल्या सळया दिसत असतील तर त्याखाली झोपणे आजच बंद करा आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी कळवा. ओल्या भिंतीवरच्या सॉकेटला झिणझिण्या येत असतील तर त्या सर्किटचा एमसीबी पाडून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून दोष लिहून घ्या. तो कागद पुढे पुरावा होतो.

‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा’

मालकाने लेखी मान्य केले तरच. नाहीतर भाडे थकले असे धरून डिपॉझिटमधून तेही कापले जाते आणि वर नुकसानीचा हिशेबही लावला जातो. डिपॉझिट परत मिळेपर्यंत घर सोडायचेच नाही, हा तर त्याहून महागाचा सल्ला. लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर कलम 24 नुसार दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. शिवाय मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते.

‘ग्राहक मंचात मनस्तापाची भरपाई मिळते’

नुसते घर भाड्याने देणे ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ सहसा धरली जात नाही. अपवाद पीजी आणि हॉस्टेलचा. निवास-भोजन हे शब्द 2019 च्या कायद्यातल्या सेवेच्या व्याख्येतच आहेत, तेव्हा त्यांची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते. बाकीच्यांनी मुंबई, पुणे, नागपूरला लघुवाद न्यायालय आणि इतरत्र दिवाणी न्यायालय गाठायचे. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करून बघावा. तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

भरपाई मागायची ती करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 खाली, करारभंगातून थेट झालेल्या नुकसानीची. पाच लाखांचा मनस्ताप लिहिला की खरा आकडाही संशयात येतो. हिशेब असा मांडावा:

भाडे महिना 24,000. एक बेडरूम वापरता येत नाही, ती घराच्या वापराचा चौथा हिस्सा. म्हणजे महिना 6,000, दिवसाला 200. नोटिशीची मुदत 4 जुलैला संपली, काम 12 सप्टेंबरला झाले. 5 जुलैपासून 70 दिवस, 14,000 रुपये. भिजलेली गादी 12,000 ची, चार वर्षे वापरलेली, म्हणून निम्मे 6,000. इलेक्ट्रिशियनची पावती 1,800. एकूण 21,800.

चौथा हिस्सा हे काही कायद्यातले सूत्र नाही. खोलीचे मोजमाप आणि फोटो जोडून तो वाजवी आहे हे तुम्ही दाखवायचे. नुकसान कमी ठेवण्यासाठी तुम्ही काय केले तेही कलम 73 मध्ये बघितले जाते. टपकणाऱ्या पाण्याखाली टीव्ही तसाच ठेवला, तर त्याचे पैसे मागू नयेत.

नोटिशीत पत्ता, कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक, दोष पहिल्यांदा दिसला तो दिवस, आधी कळवल्याच्या तारखा, नेमके कोणते काम हवे आणि 15 दिवसांची मुदत एवढे असावे. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि ऑनलाइन ट्रॅकिंगचे पान लगेच छापून ठेवा. फोटो-व्हिडिओ मूळ फोनमध्येच जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्यांच्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळख-संकेत) लिहायचे असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेली प्रत मूळ फाइलसारखी राहत नाही. करारभंगाच्या भरपाईचा दावा करार मोडल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो.

घर सोडताना दुरुस्ती अर्धवट असेल तर प्रत्येक खोलीचा तारखेसह व्हिडिओ घ्या, वीज मीटरचे रीडिंग टिपा आणि किल्ली देताना दोघांच्या सह्यांचा कागद करा. त्यावर एक ओळ हवीच: ‘दुरुस्तीच्या भरपाईचा दावा कायम ठेवून ताबा दिला.’ मालक सही करत नसेल तर तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने पाठवा.