पळायचं, पण नक्की कसं?

मुलाचा इंग्रजीचा पेपर हातात आला. एक मार्क कापलेला. का? तर गाळलेल्या जागेत ‘रश्ड’ हवं होतं, ह्यानं ‘हरीड’ लिहिलं. अहो, वाक्यातला पोरगा बस पकडायला पळाला ना? मग झालं की!

हरी, रश, डॅश, स्प्रिंट, स्करी, स्कॅम्पर... एका घाईची बारशी तरी किती? उंदीर स्करी करणार, कुत्र्याचं पिल्लू स्कॅम्पर करणार, घोडा बिथरला की बोल्ट. आणि दाराची कडीही बोल्टच! म्हणजे दार बोल्ट केलं की बंद, घोडा बोल्ट झाला की पसार. ‘फास्ट’चं तर विचारूच नका. सुसाट सुटला तरी फास्ट, चिखलात रुतून बसला तरी फास्ट, आणि एकादशीला दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी चापली तरी फास्टच! आणि घाई करणे म्हणजे ‘हेसन’ (hasten), त्यात लिहिलेला टी बोलताना कुठे जातो? घाईत मागे राहतो?

(आपल्याकडेही लगबग, धांदल, तारांबळ आहे, ठाऊक आहे. पण त्यावरून माझे मार्क कुणी कापले नव्हते.)

आज सकाळी स्टॉपकडे मी रश केलं, डॅश केलं की स्प्रिंट, देव जाणे. बस गेली.