भाट कोणाला म्हणता, म्हापशेकरबाब?

म्हापशेकरबाब, नमस्कार.

मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की साळगावकर, धेंपो, चर्चिल या गोव्याच्या फुटबॉल क्लबांच्या मालकांनी आपल्या जुन्या विजेत्या संघांतल्या खेळाडूंना फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बोलवावं, मॅचच्या मध्यंतरात मैदानावर उभं करावं आणि एकेकाचं नाव पुकारावं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "शाल-श्रीफळाने घर चालत नाही, पेन्शन द्या म्हणावं. २०१६ साली आय-लीगमधून संघ बाहेर काढणाऱ्या शेटांची भाटगिरी पुरे."

पेन्शन द्यावीच. नको कोण म्हणतोय? पण भाटगिरी? असं लिहिताना समोरच्याची थोडी तरी चौकशी करायची. मी स्वतःच्या नावाने लिहितो, तुम्ही टोपणनावाआडून.

मी वास्कोच्या बायण्यात वाढलो. वडील बंदरात कामाला, पगार बेताचा. टिळक मैदानावर मॅच असली की घरातलं जेवण लवकर उरकायचं. शेटांच्या ओसरीवर मी कधी बसलेलो नाही. उलट तरुणपणी पोरांच्या बुटांसाठी मदत मागायला एका क्लबाच्या ऑफिसात गेलो, तर दुपारभर बाकावर बसवून "उद्या या" म्हणाले. तेव्हा मालक म्हणजे काय चीज असते ते निदान मला तरी शिकवू नका.

आमच्या वाड्यावर एक जुना बचावपटू टेलरिंगचं दुकान चालवतो. मशीनच्या वर संघाचा फोटो लावलाय. त्यात मालक मधोमध, हारासकट. हा अगदी कडेला, आणि फ्रेम करणाऱ्याने त्याचा अर्धा खांदा कापलेला. (मिरवायला मालक पुढे असतात, हे तुमचं म्हणणं नसलं तरी मीच मान्य करून टाकतो.) गुडघा वाकत नाही म्हणून उजवा पाय लांब करून बसतो. त्याला माझा लेख वाचून दाखवला. "माका शाल नाका रे," म्हणाला. मायकवर नाव घेतलं तर नातवाला घेऊन येईन, एवढंच त्याचं म्हणणं. आता त्यालाही भाट म्हणणार काय?

१९९८-९९ साली साळगावकरने नॅशनल लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य फुटबॉल स्पर्धा, गोव्यात आणली, गोव्याच्या क्लबाने ती पहिल्यांदाच जिंकली. प्रशिक्षक शब्बीर अलींचा तो संघ, त्यात ब्रुनो कुतिन्हो. धेंपोने तर २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा देशाचा किताब घेतला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही पोरं आपलीच. आज फातोर्ड्याला एफसी गोवाची जर्सी घालून येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना यातली किती नावं सांगता येतील? विचारून बघा. मी विचारलंय, म्हणून तर लेख लिहिला.

आणि मान म्हणजे शालच, हे तुम्हीच ठरवलंत. माझ्या लेखात श्रीफळ कुठेच नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात दोन गोल करून धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावर कोसळला आणि मरण पावला, त्यानंतर धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. ती क्लबनेच ठेवली ना? तेव्हा कुणी भाटगिरी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. भारताचे जुने गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हाही कुणी "आधी पेन्शन" म्हणून नाक मुरडलं नाही. पैसा एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. एक दिला म्हणून दुसरा बुडत नाही.

२०१६ बद्दल: साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग (नॅशनल लीगचीच पुढची आवृत्ती) सोडली ती आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, वरचा दर्जा देण्याच्या भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या बेताचा निषेध म्हणून. तो मोठा विषय आहे, इथे त्याचं काही काम नाही. सवड मिळाली तर कधीतरी लिहीन.

आणि पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा खाली खरं नाव घाला.