पाण्यातला गंधकाचा आयन अंदाजपंचे काढलेला नाही

बेदाण्याच्या हंगामात तासगाव-सांगलीकडच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो, आणि तिथून तो बारावीच्या मुलांकडे पोचतो. त्याचं म्हणणं असं: गंधकाची धुरी दिल्यावर बेदाण्याच्या ओलाव्यात नेमकं काय तयार होतं, हे कुणालाच माहीत नाही. पाण्यात सगळं हलत असतं, तिथे काही मोजता येत नाही. रचना कळते ती फक्त स्फटिकात. बायसल्फाइटची (गंधक, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणुगट) तर दोन-दोन रूपं सांगतात, म्हणजे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. सबब पुस्तकातल्या आकृत्या अंदाजपंचे.

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. एका मुलीने हा मजकूर वर्गात दाखवला आणि विचारलं, "मॅडम, मग आम्ही हे कशाला शिकायचं?" बेदाण्यात गंधक किती असावं हा वेगळा प्रश्न आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण "कुणालाच माहीत नाही" हे खोटं आहे.

आधी "सगळं हलतं" हा मुद्दा घेते. हलतं हे खरंच आहे, आणि मोजलं जातं तेही हलणंच. मिरजेत तंबोरे बनतात, त्यामुळे आमच्या मुलांना हे समजावणं सोपं जातं. खर्जाची तार जाड आणि पितळी, म्हणून तिचा स्वर खाली. पोलादी जोडाच्या तारा बारीक, म्हणून वर. तार किती जड आणि किती ताणलेली, यावर स्वर ठरतो. दोन अणूंमधला बंधही तसाच कंप पावतो, आणि त्याचा स्वर अणूंचं वजन नि बंधाची ताकद यांवर ठरतो. द्रावणावर लेझरचा प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग या कंपनांच्या खुणा घेऊन परत येतो. हाच रामन परिणाम, 28 फेब्रुवारी 1928 चा. यात पाण्याचा स्वतःचा गोंगाट कमी असतो, म्हणून द्रावणासाठी ही पद्धत फार सोयीची.

गंधकाभोवती चार ऑक्सिजन असलेल्या आयनाचं, म्हणजे सल्फेटचं, द्रावण ठेवलं तर 981 प्रति सेंटिमीटरला (कंपनाचा स्वर याच एककात मोजतात) ठसठशीत रेघ येते. म्हणजे चारही ऑक्सिजन एकदम आतबाहेर होतात, सेकंदाला सुमारे 29 लाख कोटी वेळा. शेजारचा पाण्याचा रेणू जागा बदलेपर्यंत आयनाची कितीतरी कंपनं होऊन गेलेली असतात. मग हालचालीमुळे रचना पुसली जाईल कशी?

आकारही यातूनच कळतो. सल्फेट चौफलकासारखा सममित आहे. त्याची चार प्रकारची कंपनं रामनमध्ये दिसतात, पण अवरक्त वर्णपटात, म्हणजे आयन अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश कुठे शोषतो त्याच्या नोंदीत, त्यातली दोनच उमटतात. तीन ऑक्सिजनचा सल्फाइट कार्बोनेटसारखा सपाट असता, तर त्याचं सममित ताणाचं कंपन अवरक्तात दिसलंच नसतं. ते दिसतं. म्हणून सल्फाइट सपाट नाही, बुटक्या पिरॅमिडसारखा आहे. इथे अंदाजाला जागाच नाही.

आता "फक्त स्फटिकात कळतं". या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण गंधकाच्या बाबतीत स्फटिकावर विसंबलात तर फसाल. निर्यातीच्या पेटीत द्राक्षांवर ग्रेप गार्डचा कागद ठेवतात, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. सोडियम बायसल्फाइटचं द्रावण आटवलं की हेच हाती येतं: दोन आयन पाणी सोडून एकमेकांना जोडले जातात, गंधकाला गंधक चिकटतं, एका गंधकावर तीन ऑक्सिजन नि दुसऱ्यावर दोन. भरपूर पाण्यात टाकलं की ते मोडून पुन्हा बायसल्फाइट होतं. म्हणजे घन रूपात एक आयन आणि द्रावणात दुसराच. सीझियमसारखा मोठा धन आयन घेतला तर बायसल्फाइटचे स्फटिक मिळतात. त्यांत हायड्रोजन गंधकावर बसलेला असतो. तेवढंच पाहून "बायसल्फाइट असाच असतो" म्हटलं असतं, तर ते चुकलं असतं.

कारण पाण्यात दोन्ही रूपं असतात, हायड्रोजन गंधकावर असलेलं आणि ऑक्सिजनवर असलेलं. मजकूर याला मतभेद म्हणतो. अहो, हे मोजमाप आहे! रामनमध्ये 2,500 प्रति सेंटिमीटरच्या थोडं वर एक रेघ येते, जिथे पाण्याची किंवा गंधक-ऑक्सिजन बंधाची रेघ नसते. साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतलं की ती 1,800 च्या आसपास उतरते. हायड्रोजनच्या जागी त्याचाच दुप्पट वजनाचा प्रकार, ड्युटेरियम, आला, तार जड झाली, स्वर खाली आला. ही रेघ गंधक-हायड्रोजन बंधाचीच, यात शंका उरत नाही.

दुसऱ्या रूपाचा माग ऑक्सिजन-17 (ऑक्सिजनचा थोडा जड प्रकार) च्या एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या पद्धतीने, काढला. निसर्गात हा अणू दहा हजारांत चारच्या आसपास, म्हणून त्याचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं पाणी वापरावं लागतं. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अशा कामात दोन रूपांचे दोन वेगळे संकेत मिळाले. त्यांच्या क्षेत्रफळांची तुलना केल्यावर 25 अंश सेल्सिअसला ऑक्सिजनवर हायड्रोजन असलेलं रूप सुमारे पाचपट निघालं. दोन रूपं आहेत, ती एकमेकांत बदलतात आणि त्यांचं प्रमाणही मोजता येतं.

बेदाण्याचं उत्तर मग लांब नाही. धुरीतला सल्फर डायऑक्साइड फळाच्या आंबट ओलाव्यात, म्हणजे साधारण साडेतीन सामूला (पीएच), विरघळतो आणि मुख्यतः बायसल्फाइट होतो. त्यातला काही भाग फळातल्या साखरेला बांधला जातो.

एका बाबतीत मात्र पुस्तकं खरंच चुकतात. सल्फर डायऑक्साइड पाण्यात गेला की "सल्फ्युरस आम्ल" तयार झालं असं ती लिहितात. रामनमध्ये तिथे विरघळलेला सल्फर डायऑक्साइडच दिसतो, त्या आम्लाचा रेणू जवळपास सापडत नाही. ही चूकही वर्णपटानेच दाखवली. मीही ते समीकरण वर्षानुवर्षं तसंच लिहीत आले. सोमवारी ते दुरुस्त करणार आहे, आणि त्याखाली बायसल्फाइटची दोन्ही रूपं काढून मध्ये दुहेरी बाण देणार आहे, ऑक्सिजनकडे जाणारा जास्त लांब.